काट्याभोवती जमलेल्या पेशी

सकाळी उठल्यावर मुठी वळत नाहीत. बोटांचे सांधे सुजलेले असतात. कणीक मळणं दूरच, नळ फिरवतानाही डोळ्यांत पाणी येतं. तपासण्या होतात आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो झाल्याचं निदान होतं. डॉक्टर समजावतात की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे, तिला आवर घालणारी औषधं घ्यावी लागतील. पुढे कधी साधा ताप-खोकला झाला, तर तेच डॉक्टर बजावतात की जंतुसंसर्गाचा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे, दुखणं अंगावर काढू नका. घरी परतताना रुग्णाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो. माझी प्रतिकारशक्ती वाढली आहे की कमी झाली आहे?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेमकं काय करतात हे पाहावं लागतं. त्या शरीराचं रक्षण करतात हे जगाला ज्यांनी पटवून दिलं, ते गृहस्थ डॉक्टर नव्हते. समुद्रातले कृमी, तारामासे आणि जेलीफिश यांच्यात रमणारे ते प्राणिशास्त्रज्ञ होते. इल्या मेचनिकॉफ त्यांचं नाव.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळच्या खेड्यात झाला. वडील झारच्या लष्करातले अधिकारी, आई मूळच्या ज्यू घराण्यातली. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. (थोरले भाऊ इव्हान न्यायाधीश होते. त्यांच्या आजारपणावरून आणि मृत्यूवरून टॉल्स्टॉय यांना इव्हान इलिचच्या मृत्यूची ती प्रसिद्ध कथा सुचली.) लहानपणी इल्या शेजारपाजारच्या मुलांना जमवून वनस्पतींवर व्याख्यानं देत. खारकीव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत उरकला आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनी गाठली.

तिथे १८६५ मध्ये एका चपट्या कृमीचा अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट दिसली. या प्राण्यात अन्न आपल्यासारखं पोटाच्या पोकळीत पचत नव्हतं. पेशी अन्नाचे कण स्वतःच्या आत ओढून घेत आणि तिथेच पचवत. एकपेशीय अमीबा खातो तसंच. मेचनिकॉफ यांनी नोंद केली आणि ते पुढच्या कामाला लागले. या नोंदीचा अर्थ त्यांना उमगायला आणखी सतरा वर्षं जायची होती.

ही सतरा वर्षं सुखाची नव्हती. १८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिला हिच्याशी लग्न केलं. तिला क्षय झाला होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. हवापालटासाठी हे जोडपं देशोदेशी हिंडलं. मेचनिकॉफ व्याख्यानं देत, भाषांतरं करत, पैशांची जमवाजमव करत, आणि त्यात त्यांचे डोळे इतके दुखू लागले की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणं अशक्य झालं. १८७३ मध्ये मदिरा बेटावर ल्युडमिला गेली, तेव्हा त्यांची अठ्ठाविशीही पूर्ण झाली नव्हती. त्यांनी आपलं आयुष्य संपवायचा प्रयत्न केला. सुदैवाने तो फसला. त्या मनःस्थितीत जिनिव्हात असताना रोन नदीच्या पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे कीटक त्यांच्या नजरेस पडले. ज्यांचं आयुष्यच काही तासांचं, त्यांना निसर्गाच्या निवडीचा नियम लागू होतो तरी कसा, असा विचार त्यांच्या मनात आला. एका प्रश्नाने माणूस पुन्हा कामाकडे वळला.

दोन वर्षांनी त्यांनी ओल्गाशी दुसरा विवाह केला. ती तेव्हा शिकत होती. पुढे ती त्यांची प्रयोगशाळेतली सहकारी झाली, चित्रकार झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर तिनेच त्यांचं चरित्र लिहिलं. त्यांच्याविषयीचे बरेच बारकावे आज आपल्याला ठाऊक आहेत ते तिच्यामुळे.

१८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली आणि सरकारचा विद्यापीठांवरचा संशय वाढला. ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या मेचनिकॉफ यांना तिथलं राजकारण सोसवेना. १८८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ओल्गाच्या आईवडिलांच्या पश्चात तिच्या वाट्याला थोडी मिळकत आली होती. त्या बळावर ओल्गा आणि तिची धाकटी भावंडं यांना घेऊन ते इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना या बंदराच्या गावी राहायला गेले. हाताशी ना प्रयोगशाळा, ना नोकरी. भाड्याच्या घराच्या दिवाणखान्यात त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला.

एके दिवशी सर्कशीत माकडांचे खेळ आले होते. घरची सगळी मंडळी ते पाहायला गेली. मेचनिकॉफ एकटेच मागे राहिले. त्यांच्यासमोर तारामाशाची पिल्लं होती. पाण्यात तरंगणाऱ्या, काचेसारख्या पारदर्शक अळ्याच म्हणा ना. अशा जिवाला कापावं लागत नाही, बाहेरूनच आतलं सगळं दिसतं. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी मेचनिकॉफ न्याहाळत होते. या पेशी अन्न पचवायच्या कामाच्या नव्हत्या, मग त्या हिंडतात कशाला? आणि एकदम त्यांच्या मनात आलं की शरीरात एखादी परकी, अपायकारक वस्तू शिरली तर तिच्याशी झुंजण्यासाठी या पेशी असतील काय? कल्पना एवढी अनावर होती की ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले आणि मग विचार जुळवत समुद्रकिनाऱ्यावर गेले.

पडताळा घ्यायची युक्ती अगदी घरगुती होती. आपल्या बोटात काटा रुतला आणि वेळीच निघाला नाही, तर त्याभोवती लाली येते, सूज येते, पू धरतो. पू म्हणजे मुख्यतः पांढऱ्या पेशीच. तर मग तारामाशाच्या पिल्लात काटा टोचला, तर त्याच्याही हिंडत्या पेशी तिथे जमायला हव्यात. तारामाशाला ना रक्तवाहिन्या, ना मज्जासंस्थेची आपल्यासारखी गुंतागुंत. तिथेही पेशी जमल्या, तर हे काम त्या स्वतःहूनच करतात हे उघड होईल. घराला छोटी बाग होती. नाताळचे दिवस होते, त्याच बागेतलं संत्र्याच्या जातीचं एक झाड ओल्गाच्या भावंडांसाठी सजवलेलं होतं. मेचनिकॉफ यांनी बागेतून गुलाबाचे काही काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले.

रात्रभर त्यांना झोप आली नाही. पहाटे उठून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

आज वाचताना हे फार सोपं वाटतं, म्हणून त्या काळचं मत काय होतं ते सांगायला हवं. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू सापडतात हे डॉक्टरांना माहीत होतं. पण त्याचा अर्थ ते उलटा लावत. जंतू या पेशींत शिरतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन शरीरभर पसरतात, असं मानलं जाई. योगायोगाने जर्मनीतले थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो त्याच सुमारास मेसिनाला आले. मेचनिकॉफ यांनी त्यांना काटे आणि पेशी दाखवल्या. फिर्खो यांनी कौतुक केलं, पण सावधही केलं, कारण वैद्यकशास्त्र नेमकं याच्या विरुद्ध शिकवत होतं. पुढे व्हिएन्नात प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी या पेशींसाठी ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट हे नाव सुचवलं. आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू.

एका काट्यावर सिद्धान्त उभा राहत नाही. १८८४ मध्ये मेचनिकॉफ यांनी डॅफ्निया या पाणपिसूवर काम प्रसिद्ध केलं. हा जीवही पारदर्शक. त्याला एका यीस्टची बाधा होते. यीस्टचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. भक्षक पेशी तिथे धावून येतात. त्यांनी बीजाणू वेळेत गिळले तर पिसू जगते. बीजाणू जास्त असले, त्यांना कोंब फुटायला अवधी मिळाला, तर ती मरते. आजार म्हणजे दोन पक्षांमधली झुंज आणि तिचा निकाल कुठल्याही बाजूने लागू शकतो, हे इथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

१८८६ मध्ये ओडेसात रेबीजची लस देणारं आणि जंतूंवर संशोधन करणारं केंद्र निघालं आणि त्याची सूत्रं मेचनिकॉफ यांच्याकडे आली. हे पर्व फसलं. ते डॉक्टर नाहीत म्हणून स्थानिक डॉक्टर त्यांच्या वाटेत काटे पेरत. त्यातच ते गावी नसताना अँथ्रॅक्सची लस दिलेल्या हजारो मेंढ्या दगावल्या. त्यांनी ओडेसा कायमचं सोडलं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्याकडे थंडा प्रतिसाद मिळाला. पॅरिसमध्ये वृद्ध लुई पाश्चर यांनी मात्र नव्या संस्थेत त्यांना हवी तेवढी जागा देऊ केली. १८८८ पासून शेवटपर्यंत मेचनिकॉफ तिथेच राहिले.

इथे एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ओडेसातला त्यांचा एक विद्यार्थी राजकीय चळवळीपायी पोलिसांच्या तावडीत सापडला होता. मेचनिकॉफ यांनी शब्द टाकून त्याला सोडवलं होतं. तोही पॅरिसला आला. जागा नव्हती म्हणून आधी ग्रंथालयात साहाय्यक म्हणून राहिला. वाल्डेमार हाफकिन हे त्याचं नाव. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्याला त्यांच्या नावाने ठाऊक आहे. त्यांच्या गुरूंचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कानावर पडत नाही.

पॅरिसमधली पहिली वीस वर्षं भांडणात गेली. जर्मन शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की शरीराचं रक्षण पेशी करत नाहीत, रक्तातला द्रव करतो. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी धनुर्वात आणि घटसर्पाचं विष मारणारे घटक रक्तद्रवात दाखवले, तेव्हा मेचनिकॉफ यांची बाजू लंगडी पडते की काय असं वाटलं. या घटकांना आपण आज अँटिबॉडीज म्हणतो. मेचनिकॉफ स्वभावाने तापट. प्रत्येक आक्षेपाला ते प्रयोगाने उत्तर देत आणि परिषदांमध्ये तावातावाने बोलत. १९०३ मध्ये लंडनच्या आल्मरॉथ राइट यांनी समेटाची वाट दाखवली. रक्तद्रवातले काही घटक जंतूंना चिकटतात आणि त्यामुळे भक्षक पेशी ते जंतू झपाट्याने गिळतात. राइट यांनी त्यांना ज्या ग्रीक शब्दावरून ऑप्सोनिन म्हटलं, त्याचा अर्थ जवळपास आपलं तोंडीलावणं. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, ठेचा असला की उतरते. तसंच हे. १९०८ चं वैद्यकाचं नोबेल मेचनिकॉफ आणि रक्तद्रव पक्षाचे अध्वर्यू पॉल एर्लिश या दोघांना मिळून दिलं गेलं. (त्याच डिसेंबर महिन्यात मेसिना भूकंपाने जमीनदोस्त झालं.)

एर्लिश यांची दोन कामं आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत. रंग वापरून पांढऱ्या पेशींचे प्रकार त्यांनी वेगळे केले. मेचनिकॉफ ज्या लहान भक्षकांना मायक्रोफेज म्हणत, त्यांना आज सगळं जग एर्लिश यांच्या न्यूट्रोफिल या नावाने ओळखतं. मेचनिकॉफ यांनी मोठ्या भक्षकांना दिलेलं मॅक्रोफेज हे नाव मात्र टिकलं. दुसरं काम म्हणजे एर्लिश यांनी मांडलेली एक कल्पना. शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करायला जणू घाबरतं, तसं ते सहसा होऊ देत नाही, असं त्यांचं मत. या मताचा दबदबा पुढची अनेक दशकं राहिला.

मेचनिकॉफ यांना असा भरवसा नव्हता. काट्याभोवतीची लाली, सूज, उष्णता, ठणका हा दाह शरीराच्या भल्यासाठी असतो हे त्यांनीच जगाला शिकवलं. पण उतारवयाकडे झुकताना त्यांना आपल्या लाडक्या पेशींचा संशय येऊ लागला. केस पांढरे होतात ते मॅक्रोफेज केसांतला रंग खातात म्हणून, म्हातारपणी मेंदूच्या पेशीही हेच भक्षक पोखरतात, असं ते मांडू लागले. मोठ्या आतड्यातल्या सडक्या जंतूंच्या विषाने शरीर दुबळं होतं आणि दुबळ्या पेशींवर भक्षक तुटून पडतात, हा त्यांचा तर्क. उपाय म्हणून ते आंबवलेलं दूध घेऊ लागले. बल्गेरियातले लोक दह्यामुळे दीर्घायुषी होतात या त्यांच्या प्रतिपादनाने युरोपात दह्याची लाटच आली. आपल्याला दह्या-ताकाचं कौतुक सांगायला पॅरिसहून कुणी येण्याची गरज नव्हती हा भाग वेगळा. या सिद्धान्तातला बराचसा भाग टिकला नाही, आणि दह्याने आयुष्य वाढतं याला तेव्हाही पुरावा तोकडाच होता. पण रक्षक पेशी घरच्यालाच खाऊ शकते, हा त्यांचा संशय खोटा नव्हता. ते फक्त चुकीच्या जागी शोधत होते. सांध्यात पाहायला हवं होतं.

निरोगी गुडघ्यातल्या वंगणाच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी २०० हून कमी असतात. आमवाताने सुजलेल्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात त्या सहसा २००० ते ५०,००० च्या घरात भरतात आणि त्यातल्या बहुतांश न्यूट्रोफिल असतात. थोडक्यात, काटा रुतल्यावर जमावा तसा गराडा. पण काटा कुठे आहे?

१९४० मध्ये नॉर्वेतल्या एरिक वॉलर यांना आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात एक विचित्र अँटिबॉडी आढळली. ती जंतूंवर नव्हे, शरीराच्या इतर अँटिबॉडीजवरच चिकटते. रक्ततपासणीत आर. ए. फॅक्टर म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. नंतर अँटी-सीसीपी ही दुसरी तपासणी आली. तिच्यात दिसणाऱ्या अँटिबॉडीज शरीराच्याच, पण रासायनिक बदल झालेल्या प्रथिनांना शत्रू समजतात. या अँटिबॉडीज आणि त्यांनी पकडलेली प्रथिनं यांचे गुंते सांध्यात साचतात, काही तर कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराच्या पृष्ठभागात रुतून बसतात. न्यूट्रोफिलच्या दृष्टीने हे तोंडीलावणं लावलेलं अन्नच. ती खायला धावते. एर्लिश यांच्या अँटिबॉडीज आणि मेचनिकॉफ यांच्या पेशी जंतूविरुद्ध जशा हातात हात घालून लढतात, तशाच त्या इथेही लढतात. समोर जंतू नाही, एवढंच.

सुटा गुंता असेल तर पेशी तो गिळते. १९६० च्या दशकात आमवाताच्या सांध्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या डॉक्टरांना पोटात गडद कण भरलेल्या पेशी दिसल्या. द्राक्षांच्या घडासारख्या दिसतात म्हणून त्यांना रॅगोसाइट म्हटलं गेलं. पण कूर्चेत रुतलेला गुंता गिळता येत नाही, कारण कूर्चा पेशीपेक्षा कितीतरी मोठी. मग पेशी तिला चिकटून बसते आणि जी पाचक द्रव्यं स्वतःच्या पोटात सोडायची ती बाहेरच ओतते. इलास्टेज, कोलॅजिनेज आणि ऑक्सिजनचे दाहक रेणू. जंतूला विरघळवण्यासाठी असलेला हा मारा कूर्चेवर होतो. या प्रकाराला शास्त्रात हताश भक्षण म्हणतात, आणि हे नाव मला फार चपखल वाटतं.

२००४ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रोफिलची आणखी एक खोड दाखवली. जंतूंना अडकवण्यासाठी ती आपल्या केंद्रकातल्या डीएनएचं जाळं बाहेर फेकते. आमवातात अशी जाळी जास्त दिसतात, आणि अँटी-सीसीपी ज्यांना शत्रू समजते ती बदललेली प्रथिनं या जाळ्यांवर असतात. म्हणजे लढणारी पेशीच पुढच्या लढाईला निमित्त पुरवते. दरम्यान सांध्याच्या अस्तरात ठाण मांडलेले मॅक्रोफेज टीएनएफ नावाचा संदेश सोडून आणखी कुमक मागवत राहतात. एक्स-रेत हाडाच्या कडेला कुरतडल्यासारखे खळगे दिसतात, ते ऑस्टिओक्लास्ट या पेशींचं काम. या पेशीही मॅक्रोफेजच्याच कुळातल्या. हाडाची रोजची डागडुजी करणं हे त्यांचं एरवीचं काम, पण टीएनएफच्या चिथावणीने त्यांना सुमार राहत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न. आपली अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते. आमवातात त्या कमी पडत नाहीत, पण त्या चुकीच्या ठिकाणी गुंतून पडतात. सांध्यातून काढलेल्या पेशी जंतू गिळण्यात कमी पडतात असं काही प्रयोगांत दिसलं आहे, जणू पोट आधीच भरलेलं. शिवाय मॅक्रोफेजचा टीएनएफ हा नुसता खलनायक नाही. फुप्फुसात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही तोच लागतो. म्हणूनच टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात तर ती कधीच टाळू नये.

औषधांचा हिशेबही यातूनच कळतो. मेथोट्रेक्सेट हे आमवातातलं मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली घसरू शकतात. ठरावीक काळाने सीबीसी तपासायला सांगतात ते यासाठी. स्टिरॉइड सुरू असताना उलट होतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून दर वेळी जंतुसंसर्गच झाला असं नव्हे. क्वचित, बरीच वर्षं आमवात असलेल्या माणसात प्लीहा वाढते आणि न्यूट्रोफिल फार कमी होतात. फेल्टी या अमेरिकी डॉक्टरांनी १९२४ मध्ये हा प्रकार नोंदवला. आणि एक लक्षण कुणीच दुर्लक्षू नये. बाकी सांधे शांत असताना एकच सांधा अचानक लालबुंद, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर तो नेहमीचा आमवात समजून घरी थांबू नका. त्या सांध्यात खरोखरच जंतू शिरलेले असू शकतात, आणि मग तासांचा प्रश्न असतो. प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि काढे डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. नेमकी कुठली शक्ती वाढणार, हे त्या डबीवर लिहिलेलं नसतं.

मेचनिकॉफ यांना यातलं काही पाहायला मिळालं नाही. पहिलं महायुद्ध पेटलं आणि पाश्चर संस्थेतले तरुण आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. हृदय थकलेल्या मेचनिकॉफ यांनी आपल्या आजाराच्याही नोंदी ठेवल्या. १९१६ च्या जुलैमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते पॅरिसमध्ये वारले. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याला बजावून ठेवलं होतं की शवविच्छेदन करताना आतडी नीट तपास. त्यांच्या इच्छेप्रमाणे पार्थिवाचं दहन झालं. अस्थिकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला गेला, जिथे कधी काळी हाफकिन पुस्तकं लावत असत.